पहिल्या ओळीत काय लिहायचं?

आमच्या लेकाच्या लॅपटॉपवर एक तक्ता आहे. विद्यापीठ, अभ्यासक्रम, शेवटची तारीख, सोबत काय काय जोडायचं, आणि अगदी डावीकडच्या रकान्यात पसंतीचा क्रमांक. तक्ता तो लपवत नाही. उलट कोणी खोलीत आलं की स्क्रीन जरा त्याच्याकडे वळवून ठेवतो. मला याचं फार कौतुक वाटायचं. मग हळूहळू लक्षात यायला लागलं, की डावीकडचे आकडे खोलीत कोण आहे ते बघून बदलतात. आजोबांचा फोन होऊन गेला की संगणकशास्त्र एक नंबरवर. वर्गातला मित्र येऊन गेला की तो जिथे अर्ज करतोय ते विद्यापीठ वर सरकलेलं. मी शेजारी बसले की दोन विषय एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम पहिला, कारण ‘दोन्ही हातात राहिलं तर बरं’ असं मी कधीतरी बोलता बोलता म्हणून गेले होते. भूशास्त्र मात्र कोणीही आलं-गेलं तरी चौथ्या-पाचव्या ओळीत अंग चोरून बसलेलं. आणि रात्री सगळे झोपलेत असं समजून हा मुलगा बघत काय असतो, तर आइसलँडमधल्या लाव्ह्याचे व्हिडिओ.

ताकाला जाऊन भांडं लपवतात ते असं. पण सतरा वर्षांच्या मुलाला आपल्याच घरात भांडं लपवावंसं का वाटावं? या प्रश्नाच्या मागे लागले आणि भलत्याच दारात जाऊन उभी राहिले. गणिताच्या. गणिताशी माझं कधीच फार सख्य नव्हतं, त्यामुळे खालचा भाग मी समजून घेतला तसाच सांगते.

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी अमेरिकेतल्या एका गणिताच्या मासिकात अगदी छोटासा लेख लिहिला. विषय होता कॉलेजचे प्रवेश आणि लग्नं. पुष्कळ विद्यार्थी आहेत, पुष्कळ कॉलेजं आहेत, प्रत्येकाचा आपापला पसंतीक्रम आहे. वाटप असं करायचं, की नंतर कुठलाही विद्यार्थी आणि कुठलंही कॉलेज ‘आपण दोघं एकमेकांना मिळालो असतो तर दोघांचंही बरं झालं असतं’ असं म्हणू शकणार नाही. त्यांनी काढलेली रीत साधी आहे. प्रत्येक जण आधी आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो. कॉलेज आलेल्यांमधले आपल्या निकषाने वरचे, जागा असतील तेवढे, थांबवून ठेवतं आणि बाकीच्यांना नकार देतं. थांबवून ठेवतं फक्त, प्रवेश अजून देत नाही. नकार मिळालेले आपापल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात, आणि तिथे आधीपासून थांबलेल्यांच्या बरोबरीने त्यांचाही विचार होतो. आधी आला म्हणून कोणाची जागा पक्की नसते. असं होत होत पुढे जाणारं कोणी उरलं नाही, की मग सगळ्यांच्या जागा एकदम पक्क्या.

यातली खुबी मला कळायला दोन-तीनदा वाचावं लागलं. या रीतीत अवाक्याबाहेरची वाटणारी जागा पहिल्या ओळीत लिहिली तरी तुमचं काडीचंही नुकसान होत नाही. तिथून नकार आला, तरी दुसऱ्या ओळीतल्या जागेसाठी तुम्ही रांगेत मागे ढकलले जात नाही. मनात जो क्रम आहे तोच कागदावर लिहिणं, याहून चलाख खेळी अर्जदाराकडे नसतेच, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रीतसर सिद्धही झालं. पुढे ॲल्विन रॉथ यांनी ही कल्पना प्रत्यक्षातल्या प्रवेशांमध्ये आणण्यासाठी खूप काम केलं. २०१२ साली शॅप्ली आणि रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

आता याच्या उलटी रीत बघा. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सरकारी शाळांचे प्रवेश पूर्वी असे होत, की आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीच्या जागा कायमच्या भरून टाकायच्या, मग उरलेल्या जागांवर दुसऱ्या पसंतीचा विचार. म्हणजे गर्दीची शाळा पहिली लिहिली आणि ती हुकली, तर दुसरी चांगली शाळा तोवर इतरांनी पहिली पसंती म्हणून संपवलेली. त्यामुळे ज्यांना वेळ आणि माहिती होती असे पालक एकत्र जमून कुठली शाळा पहिली लिहायची याचे आडाखे बांधत. बाकीचे आपले भाबडेपणाने खरं लिहीत आणि मार खात. २००५ साली ती रीत टाकून देऊन गेल-शॅप्लींची आणली गेली. आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटींच्या एकत्रित जागावाटपातही २०१५पासून याच कुळातली पद्धत आहे. घरोघरी मात्र ‘वरचं लिहू नकोस, हातचं जाईल’ हा सल्ला अजून बॉस्टनच्या जुन्या काळातलाच दिला जातो.

अर्थात सगळीकडे पसंतीक्रम असतोच असं नाही. ब्रिटनमध्ये ‘यूकास’मार्फत अर्ज करताना जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात आणि त्यांना क्रमच नसतो. होकार आल्यावर त्यातला एक पक्का आणि एक राखीव ठेवायचा. तुम्ही आणखी कुठे अर्ज केलाय हे तुमचा निर्णय होईपर्यंत विद्यापीठांना दिसत नाही. अमेरिकेतल्या ‘कॉमन ॲप’वर वीसपर्यंत कॉलेजं निवडता येतात, पण प्रत्येक कॉलेज आपला निर्णय स्वतंत्रपणे घेतं. आणि जिथे यादीच आखूड असते, तिथे खरं लिहूनही पंचाईत होऊ शकते. पाचच ओळी असतील आणि पाचही आभाळाला टेकलेल्या असतील तर हात हलवत परत यायचं. म्हणून आमच्या घरात सगळ्यात निरस काम सगळ्यात आधी केलं. नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचली. क्रम कोणाला दिसतो, क्रमाने फरक पडतो का, एकदा दिलेला होकार मागे घेता येतो का. हे काम मी अंगावर घेतलं. नियम वाचायला मुलाचं मन कळावं लागत नाही, चष्मा पुरतो.

आता ज्या अभ्यासाने मला खरं अडवलं तो सांगते. इस्रायलमध्ये मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशांसाठी गेल-शॅप्लींचीच रीत वापरतात. काही अभ्यासक्रमांना शिष्यवृत्तीसह आणि शिष्यवृत्तीविना असे दोन्ही प्रवेश असतात आणि अर्जदाराला दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहिता येतात. एकच जागा, एकच शिक्षण, एकीकडे वर पैसेही मिळणार. शिष्यवृत्तीची ओळ आधी लिहावी हे कोणीही सांगेल, आणि खरं लिहिणं फायद्याचं आहे हे अर्जदारांना सांगितलेलंही होतं. तरी बऱ्याच जणांनी शिष्यवृत्तीविना प्रवेश वर लिहिला, किंवा शिष्यवृत्तीची ओळ लिहिलीच नाही. मानसशास्त्र शिकायला निघालेल्या हुशार मंडळींनी! कारणांवर अभ्यासकांचा खल चालू आहे. त्यातलं एक मला लगेच पटलं: मागितलंच नाही तर नाकारल्याचं दुःख होत नाही.

भूशास्त्र पाचव्या ओळीत का होतं ते मला त्या दिवशी थोडं कळलं. संगणकशास्त्र हुकलं तर ते जगाने हुकवलं, सगळ्यांनाच ते अवघड आहे, आजोबाही समजून घेतील. भूशास्त्र वर लिहिलं आणि हुकलं तर ते त्याचं स्वतःचं हुकलं. शिवाय वर लिहिलं आणि मिळालं, तर मग ‘तूच मागितलं होतंस ना?’ हे ऐकायची वेळ कधीतरी येणार. प्रवेशप्रक्रियेत खरं बोलणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून गणितज्ञांनी एवढा खटाटोप केला. घरात तशी सोय कोण करणार? घरात तर मुलाच्या तोंडून एखादं नाव निघालं की पुढच्या क्षणी आमच्या भुवया, आमचा ‘अच्छा?’, आणि माझ्या मामाचा ‘त्यात पुढे काय?’ हे सगळं आहेच. तो वर्षभर हे वाचत आलाय. आमचे चेहरे त्याला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त पाठ आहेत.

माहितीपत्रकांवरून आठवलं. त्यांतली मुलं नेहमी हिरवळीवर बसून हसत का असतात कोण जाणे. एकाही माहितीपत्रकात पहाटे तीन वाजता प्रयोगवहीत डोकं घालून बसलेला मुलगा मी पाहिलेला नाही. आम्ही ती बाजूला ठेवली आणि त्याऐवजी दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढला. पहिलं वर्ष सगळीकडे थोडंफार ओळखीचं वाटतं, शेवटच्या वर्षाच्या विषयांची नावं इतकी भारदस्त असतात की काही कळत नाही. दुसऱ्या वर्षात त्या विषयाचा रोजचा घाम दिसतो. आठवड्याला किती तास प्रयोगशाळा, किती गणित, परीक्षा लेखी की प्रकल्पावर, गटात काम किती. ‘तुला आयुष्यात काय करायचंय?’ हा प्रश्न मी विचारायचं सोडून दिलं. त्यावर तो फक्त खांदे उडवायचा. ‘यातला कुठला तास तुला बुडवावासा वाटेल?’ असं विचारलं की उत्तर चटकन यायचं, आणि खरं यायचं.

एका संध्याकाळी आम्ही दोघं जमिनीवर बसून असंच वाचत होतो. संगणकशास्त्राच्या यादीत विविक्त गणित, कार्यप्रणाली, अल्गोरिदमचं विश्लेषण. त्यावर तो म्हणाला, “हे सगळं जमेल मला.” मग भूशास्त्राचं पान. खनिजशास्त्र, क्षेत्रकार्य, आणि ‘सूक्ष्मदर्शकाखाली खडक’ असं काहीतरी. मी म्हटलं, “खडक सूक्ष्मदर्शकाखाली कसा बघणार? त्यातून उजेड कसा जाईल?”

बस. पुढचा अर्धा तास तोच बोलत होता. खडकाची एक काप काढतात, काचेवर चिकटवतात आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणतात. एवढी पातळ झाली की दगडातून उजेड आरपार जातो. मग खाली एक आणि वर एक अशा दोन ध्रुवक काचा, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणाऱ्या काचा, लावायच्या, एकमेकींना काटकोनात, आणि खालचा गोल मंच फिरवायचा. त्याने फोटो उघडले. क्वार्ट्झ करडं-पांढरं, मंच फिरवला की काळं होणारं, पुन्हा उजळणारं. त्याच्या शेजारी ऑलिव्हिन, निळं, गुलाबी, हिरवं, काचेच्या बांगड्या फुटून पडाव्यात तसं. “आणि घासताना जाडी बरोबर आली की नाही हे कसं ओळखतात, सांग?” मी म्हटलं, मोजत असतील. “नाही! क्वार्ट्झचा रंग बघतात. पिवळट दिसलं तर अजून जाड आहे, करड्यावर आलं की थांबायचं.” हे सांगताना तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, हे मला नंतर जाणवलं.

‘हे जमेल मला’ आणि ‘सांग बघू कसं ओळखतात’ या दोन बोलण्यांतला फरक आईला कळतो. पण त्यावरून लगेच निकाल लावायचा मोह मी आवरला. दगडाच्या कापा सुंदर दिसतात म्हणून कोणी तीन-चार वर्षं त्यात घालवावीत असं नाही. मुलांना विषयाचा देखणेपणा भुरळ घालतो आणि विषयातला कंटाळा नंतर कळतो. म्हणून मग त्याने त्या विषयात शिकणाऱ्या एका मुलीशी बोलून घेतलं, आमच्या मध्यस्थीशिवाय. तिने त्याला पावसात चिखल तुडवत काढलेल्या नकाशांबद्दल, चुकलेल्या मोजमापांबद्दल आणि नोकऱ्यांच्या चढउताराबद्दल भरपूर सांगितलं म्हणे. सगळं आम्हाला सांगितलं नाही त्याने. विचारलंही नाही आम्ही.

पैशाचं बोलणं मात्र आम्हीच काढलं, आणि यादी पक्की व्हायच्या आत काढलं. या बाबतीत माझं मत ठाम आहे. घरची मर्यादा मुलाला आधी सांगावी, आकड्यांत सांगावी, आणि दोघांनी एकत्र बसून सांगावी. ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघू’ हे ऐकायला गोड असतं. प्रवेश मिळाल्यावर ‘एवढं नाही जमायचं’ असं सांगायची वेळ आली तर ते गोड बोलणं मुलाला जन्मभर टोचतं. त्याच्या बाबाने कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: आम्ही किती देऊ शकतो, कर्ज किती काढायची आमची तयारी आहे, आणि ते कोणी फेडायचं. मी आदल्या रात्री कूस बदलत पडले होते. आता हा नाराज होणार, मुकाट्याने खोलीत जाणार, वगैरे. त्याने कागद वाचला, लॅपटॉप ओढला आणि काही ओळी उडवून टाकल्या. काहींच्या पुढे ‘शिष्यवृत्ती मिळाली तरच’ असं लिहून त्या पिवळ्या रंगवल्या. “एवढंच ना? मग मी उगाच या अर्जांच्या निबंधांवर वेळ घालवत होतो,” म्हणाला. शिष्यवृत्तीच्या पिवळ्या ओळी त्याने खाली ढकलल्या नाहीत, वरच ठेवल्या, याची मी मनातल्या मनात नोंद घेतली.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. आईवडिलांनी स्वतःचं मत सांगावं की नाही? हल्लीचा सल्ला असा, की आपण तटस्थ राहावं, मुलाला त्याचा त्याचा मार्ग शोधू द्यावा. मला हे पटत नाही. तटस्थ राहायला माझी काही हरकत नाही, पण मी तटस्थ नसताना तसं दाखवायला आहे. मुलं इतकी दूधखुळी नसतात. न बोललेलं मत घरभर फिरत राहतं. एखाद्या बातमीचं कात्रण टेबलावर राहतं, ‘अमक्याचा मुलगा बघ’ असं सहज निघून जातं, आणि मुलगा बिचारा त्या सगळ्याचा अर्थ लावत बसतो. त्यापेक्षा एकदाच, कारणासकट, स्पष्ट सांगावं आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे.

मी त्याला सांगितलं, “माझं मत विचारशील तर संगणकशास्त्र. अडलेला प्रोग्राम सोडवताना तू तहानभूक विसरतोस हे मी पाहिलंय. दुसरं कारण स्वार्थी आहे. त्यात कामं जास्त ठिकाणी मिळतात, मला रात्री झोप लागेल.”

तो हसला. “एवढंच? मला वाटत होतं काहीतरी भयंकर असणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू बोलत नव्हतीस ना. मला वाटलं, भूशास्त्र म्हटलं की तुम्ही दोघं कोसळणार.”

कोसळणार कशाला? पण खरं सांगायचं तर भीती होतीच, आणि ती निव्वळ मायेपोटी होती असंही नाही. आपल्या मुलाचं नाव कुठल्या विद्यापीठाशेजारी लिहिलं जाणार यात आपलीही थोडी शोभा अडकलेली असते. ही शोभा मोजायला यादीही आयती असते. विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या मी किती गंभीरपणे वाचायचे! मग २०२२ साली कोलंबिया विद्यापीठाचं प्रकरण झालं. तिथल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेल्या आकड्यांवर जाहीर शंका घेतली. विद्यापीठाने काही आकडेवारी चुकल्याचं मान्य केलं आणि एका प्रसिद्ध क्रमवारीत ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. तिथल्या वर्गांत त्या दिवशी काय बदललं असेल? फळा तोच, शिक्षक तेच.

नावाचा फायदा नसतोच असं म्हणणंही खरं नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या पुढच्या कमाईचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि एकसारखे होकार-नकार आलेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. त्यांतली काही अतिनिवडक कॉलेजात गेली, काही कमी निवडक. सरासरीने पुढे कमाईत फारसा फरक दिसला नाही. गरीब घरांतून आलेल्या मुलांना मात्र निवडक कॉलेजाचा फायदा झालेला दिसला. हे फक्त पगारापुरतं आहे आणि अमेरिकेपुरतं आहे. तरी मामाशी बोलताना मला बराच आधार झाला. मामाला मात्र काही पटलं नाही. त्यांनी ‘पण नाव ते नाव’ म्हणून फोन ठेवला.

यापेक्षा जास्त उपयोगी पडली ती परतीच्या वाटांची चौकशी. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची आकडेवारी आहे. २०११-१२ साली पदवीचं शिक्षण सुरू करून मुख्य विषय नोंदवलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के मुलांनी तीन वर्षांच्या आत विषय एकदा तरी बदलला. पण तिथली रचनाच तशी आहे, विषय पक्का करायला सवड असते. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी ठरावीक विषयालाच प्रवेश मिळतो आणि मध्येच गाडी बदलणं सोपं नसतं. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची असते आणि सुरुवातीची वर्षं त्या मानाने ऐसपैस. म्हणून तक्त्यात आम्ही एक नवा रकाना घातला: ‘इथे विषय बदलता येतो का, आणि कधीपर्यंत?’ त्या रकान्याने पहिल्या तीन ओळींची सगळी उलथापालथ केली. जी जागा दिमाखामुळे वर होती ती या एका उत्तरापायी खाली गेली.

२०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला एक अभ्यास मला इथे फार जवळचा वाटला. १८ ते ६८ वर्षांच्या १९,०००हून जास्त लोकांपैकी काहींना विचारलं होतं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, आणि काहींना, पुढच्या दहांत किती बदलाल. सगळ्या वयांच्या लोकांचं उत्तर साधारण सारखंच: आजवर पुष्कळ बदललो, यापुढे फारसं नाही बदलणार. म्हणजे पन्नाशीच्या माणसालाही आपण पुढे कोण होणार याचा नीट अंदाज नसतो. आणि आपण सतराव्या वर्षी मुलाला एका कागदावर सही करायला लावून म्हणतो, नीट विचार कर हं, आयुष्याचा प्रश्न आहे. हे वाक्य आमच्या घरात बंद झालंय. ‘पुढच्या तीन वर्षांचा प्रश्न आहे’ एवढंच म्हणतो आणि तेवढ्यालाही तो पुरेसा घाबरतो.

अर्ज गेले. जिथे पसंतीक्रम होता तिथे पहिल्या ओळीत त्याने भूशास्त्र लिहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत काय असावं यावर शेवटच्या दिवसापर्यंत तळ्यात-मळ्यात चालू होतं आणि अजूनही ‘उलट लिहायला हवं होतं का?’ असं अधूनमधून निघतं. माझं मत बदललेलं नाही. त्याला ते माहीत आहे.

आता उत्तरांची वाट बघायची आहे, आणि त्यासाठी त्याने आम्हाला नियम घालून दिलेत. ईमेल उघडताना कोणी मागे उभं राहायचं नाही. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे वाक्य म्हणायचं नाही. त्याने स्वतः सांगेपर्यंत कोणी कोणाला फोन करायचा नाही, विशेषतः मामाला. आणि नकार आला तर पहिला तासभर त्याच्याशी कोणीही बोलायचं नाही, खोलीत डोकावायचंही नाही.

“आणि होकार आला तर?” त्याच्या बाबाने विचारलं.

“तरी तेच. मला आधी वाचू तर दे नीट.”